प्राध्यापक माणूस रेपो दर ठरवायला बसतो, म्हणजे नेमकं काय करतो?

मिरजेचा_मास्तर (धागाकर्ता)

फेब्रुवारी २०२५ पासून रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचं कर्ज देते तो) उतरायला लागला, तशी आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींची तोंडंही उतरत गेली. सगळे निवृत्त, सगळ्यांचा जीव मुदतठेवीत. साडेसहाचे सव्वासहा झाले, मग सहा, जूनमध्ये एकदम साडेपाच, डिसेंबरात ५.२५. परवा एकजण तावातावाने म्हणाले, "हे प्राध्यापक लोक कोण? यांना कुणी निवडून दिलंय?" प्रश्न रास्त आहे. मी स्वतः कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, त्यामुळे जातभाईंची बाजू घ्यायचा मोह होणारच, ते धरून वाचा.

आधी रचना, थोडक्यात. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती झाली. तोवर व्याजदरात शेवटचा शब्द गव्हर्नरांचा असायचा. सल्लागार समिती होती, पण तिचा सल्ला मानायचं बंधन नव्हतं. आता सहा जणांची पतधोरण समिती आहे. तिघे बँकेतले, तिघे बाहेरचे. बाहेरच्यांना केंद्र सरकार चार वर्षांसाठी नेमतं आणि पुन्हा नेमता येत नाही. प्रत्येकाला एक मत, समसमान झाली तर गव्हर्नरांचं निर्णायक मत. उद्दिष्ट सरकारनेच घालून दिलेलं आहे. किरकोळ महागाई ४ टक्के, वर-खाली २ टक्क्यांची मोकळीक. सलग तीन तिमाह्या या पट्ट्याबाहेर गेली की बँकेने सरकारला लेखी कारणं द्यायची.

बाहेरचे तिघे आजवर बहुतेक विद्यापीठं नि संशोधन संस्थांतलेच आहेत. पहिल्या खेपेला चेतन घाटे, पमी दुआ, रवींद्र ढोलकिया. २०२० मध्ये आशिमा गोयल, शशांक भिडे, जयंत वर्मा. २०२४ मध्ये नागेश कुमार, राम सिंग आणि बँकिंग क्षेत्रातले सौगत भट्टाचार्य.

मला यातल्या वर्मांविषयी लिहायचंय. त्यांची मतं ना सरकारला सोयीची होती ना बँकेला, आणि ती सगळी छापील स्वरूपात आहेत.

वर्मा आयआयएम अहमदाबादचे. तिथेच शिकले, तिथेच डॉक्टरेट, तिथेच वित्त विषयाचे प्राध्यापक. मध्यंतरी काही काळ शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे पूर्णवेळ सदस्य. शेअर निर्देशांकाचे वायदे सुरू करायचे तर मार्जिन (सौद्यापोटी घ्यायची अनामत) किती आणि कसं घ्यायचं, हे सांगणारा १९९८ चा गट त्यांच्याच अध्यक्षतेखाली होता. वायदे २००० साली सुरू झाले. म्हणजे हा माणूस बाजार आणि जोखीम यांचा हिशेब करत वर आलेला. देशाच्या उत्पन्नाची मोठमोठी समीकरणं मांडणारा नव्हे.

ऑक्टोबर २०२० मध्ये ते समितीत आले. (आधीच्या तिघांची मुदत संपली तरी नवी नावं निघाली नव्हती, म्हणून सप्टेंबरअखेरची ठरलेली बैठक पुढे ढकलावी लागली होती. आपल्याकडे शाळा समितीच्या सभेचं होतं तसंच.) कोविडचे दिवस, रेपो ४ टक्के. ऑगस्ट २०२१ पासून वर्मांनी एकट्याने विरोध नोंदवायला सुरुवात केली. दर ४ ठेवण्याला त्यांची हरकत नव्हती. "गरज असेल तोवर धोरण सैलच ठेवू" असं जे आश्वासन समिती प्रत्येक पत्रकात देत होती, त्याला होती. पाच विरुद्ध एक. ऑक्टोबरात तेच, डिसेंबरात तेच, पुढच्या फेब्रुवारीतही तेच. मार्च २०२२ ला किरकोळ महागाई ६.९५ टक्के आली, एप्रिलला ७.७९. मधेच ४ मे ला वेळापत्रकात नसलेल्या बैठकीतून ०.४० टक्क्यांची वाढ जाहीर झाली.

पुढे दर भराभर चढला. डिसेंबर २०२२ मध्ये तो ६.२५ ला नेताना हाच माणूस म्हणाला, आता पुरे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० करताना वर्मा आणि गोयल दोघं विरोधात गेले, चार विरुद्ध दोन. फेब्रुवारी २०२४ पासून वर्मा "पाव टक्का कमी करा" म्हणू लागले, जूनपासून गोयलही. त्याही वेळी हरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुदत संपली, आणि व्याजकपात सुरू झाली तेव्हा दोघंही समितीत नव्हते.

२०२१ मध्ये कडक आणि २०२४ मध्ये सैल, मग हा माणूस दलबदलू का? नाही. हिशेब दोन्ही वेळी एकच आहे. रेपोतून पुढच्या वर्षाची अपेक्षित महागाई वजा करा. कोविडकाळात उत्तर शून्याच्या खाली होतं, २०२४ मध्ये २ टक्क्यांच्या आसपास. महागाई ४ वर आणायला १ ते दीड पुरे आहे, त्यावरचा दाब वाढीला मारतो, हे त्यांचं म्हणणं.

माझ्या मते समितीतल्या प्राध्यापकाचं खरं काम मत देण्यापेक्षा कारण लिहिण्याचं आहे. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी प्रत्येकाचं निवेदन नावानिशी प्रसिद्ध होतं. गव्हर्नरांना पुढची नेमणूक असते, अधिकाऱ्याला बढती असते. प्राध्यापकाला वर्गात परत जायचं असतं, आणि तिथली पोरं ते निवेदन वाचून आलेली असतात.

---

वखारभाग_हळदवाला

मास्तर, लिहिलंय झकास. पण आमच्या मार्केट यार्डातनं बघा जरा. माझं कॅश क्रेडिट (धंद्यापायी लागंल तसं उचलायचं कर्ज) एका सहकारी बँकेत हाय. २०२२ ला रेपो वाढला तवा मॅनेजरसाहेबांनी पत्र पाठवून दर वाढवला. रेपो सव्वा टक्का उतरला, पत्र काय येईना. विचारलं तर म्हणतात ठेवींचा खर्च जास्त हाय. मग तुमच्या सहा जणांनी मुंबईत हात वर केले काय नि खाली केले काय, सांगलीत काय फरक पडतो?

दुसरं. महागाई म्हंजे कुणाची? २०२३ ला हळद तेजीत आली तवा शेतकऱ्याच्या हातात कुठं चार पैसे दिसले. आणि टीव्हीवर चर्चा काय, तर "मसाले महागले". आमचा भाव म्हंजेच तुमची महागाई. चार टक्क्याचं उद्दिष्ट म्हंजे शेतमाल पाडायचं उद्दिष्ट हाय, असं मी म्हणतो.

---

चौथा_मजला

धागा वाचनखूण म्हणून साठवला. हळदवाले अण्णांच्या दुसऱ्या मुद्द्याला +१.

---

मिरजेचा_मास्तर

अण्णा, पहिल्या मुद्द्यात तुमचं बरोबर आहे आणि त्याला कारण आहे. ऑक्टोबर २०१९ पासून नवी बदलत्या व्याजाची घरकर्जं आणि लघुउद्योगांची कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडायची सक्ती झाली, ती व्यापारी बँकांना. नागरी सहकारी बँकांना ती लागू नाही. त्यामुळे तुमचा दर संचालक मंडळ ठरवतं आणि तो चढताना लिफ्टने, उतरताना जिन्याने. पीककर्जाचं तर रेपोशी नातंच तोडलेलं आहे. तीन लाखांपर्यंत ७ टक्के, वेळेत फेडलं की केंद्राची ३ टक्के सूट, वर राज्याची सवलत. रेपो ४ असो की साडेसहा, सोसायटीच्या सभासदाला कळतही नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र भांडेन. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातबंदी आली. ते दिल्लीचे निर्णय, पतधोरण समितीचे नव्हेत. रेपोने कांदा स्वस्त होत नाही हे समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. अडचण अशी की २०१२ हे आधारवर्ष धरलेल्या महागाईच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास ४६ टक्के होता. जुलै २०२३ ला टोमॅटोने महागाई ७.४४ वर नेली, ऑक्टोबर २०२४ ला भाजीपाल्याने ६.२१ वर. अशा वेळी दर वाढवायचा की दम धरायचा, हाच समितीतला खरा वाद. दम धरला आणि लोकांनी महागाई गृहीत धरून मजुरी-भाडी वाढवली, तर पुढे मोठं औषध द्यावं लागतं. न धरला तर टोमॅटोच्या गुन्ह्याची शिक्षा कारखानदाराला.

---

हप्ताग्रस्त_कुपवाड

आमच्यासारख्यांचं काय ते मी आकड्यात सांगतो. उदाहरण धरा, २५ लाखांचं घरकर्ज, २० वर्षं, ७ टक्के. हप्ता १९,३८२. दर अडीच टक्के वाढून साडेनऊ झाला. मुदत तीच ठेवली तर हप्ता २३,३०३. महिन्याला ३,९०० च्या वर फरक.

बँका काय करतात? हप्ता तोच ठेवून मुदत लांबवतात, ग्राहक ओरडत नाही. पण वरच्याच उदाहरणात साडेनऊ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं नुसतं व्याज १९,७९१ होतं. म्हणजे जुन्या हप्त्यात व्याजसुद्धा भागत नाही, मुद्दल वाढतच जातं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे कर्जदाराला विचारा, आणि मुदत वाढवली तरी हप्त्यात निदान व्याज निघालंच पाहिजे.

त्यामुळे फेब्रुवारी २०२३ चा तो शेवटचा पाव टक्का वर्मा-गोयलना नको होता हे वाचून मला त्यांचे फोटो देव्हाऱ्यात लावावेसे वाटतायत.

---

विश्रामबाग_पेन्शनर

लावा. आणि आमच्या घरात बोटं मोडतो ते ऐका. साडेसात टक्क्यांची ठेव संपली, आता नूतनीकरणाला साडेसहाही मिळत नाही. औषधं काय चार टक्क्यांनी महाग होतात होय? कर्ज काढणाऱ्यांची काळजी सगळ्यांना, ठेवी ठेवणाऱ्यांची कुणाला? त्या सहा जणांत एक तरी ठेवीदारांचा प्रतिनिधी हवा.

---

मिरजेचा_मास्तर

काका, प्रतिनिधी नेमायला सुरुवात केली तर एक ठेवीदारांचा, एक कर्जदारांचा, एक अडत्यांचा, एक द्राक्ष बागायतदारांचा. ती समिती जिल्हा नियोजन मंडळ होईल. :)

पण तुमच्या बाजूचं एक सांगतो. २०२१-२२ मध्ये ठेवीवर साडेपाच मिळत होते आणि २०२२ मध्ये महागाई सहा-सातच्या घरात गेली. तेव्हा तुमचं मुद्दल झिजत होतं, आणि त्याच्या आधीपासून "हे सैल धोरण चालू राहील असं आश्वासन देऊ नका" म्हणणारा एकटा वर्माच होता. ऑक्टोबर २०२५ ची महागाई पाव टक्का होती. साडेसहा टक्क्यांत पाव वजा करा, मग बघा. अर्थात औषधांच्या बिलाला हा हिशेब लागू पडत नाही, हे मान्य.

---

पोवईनाका

साताऱ्याहून. मला हा सगळा धागा जरा लाडिक वाटतोय. आमच्या गावात १९३६ मध्ये निघालेली, साताऱ्यातच मुख्यालय असलेली युनायटेड वेस्टर्न बँक होती. सप्टेंबर २००६ मध्ये तिच्यावर निर्बंध आले, ऑक्टोबरात ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. तुमची सांगली बँक १९१६ ची, ती २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. बँक ऑफ कराड १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बोगस बँक पावत्यांपायी संपली. कराड जनता सहकारीचा परवाना डिसेंबर २०२० मध्ये रद्द झाला. कृष्णाकाठची बँकिंग परंपरा शंभर वर्षांची, आणि आज आपल्या दोन जिल्ह्यांत मुख्यालय असलेली व्यापारी बँक दाखवा. हे सगळं होत असताना विद्वान मंडळी रेपोचे दशांश मोजत होती का?

---

चौथा_मजला

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

माजी_कॅशियर

पोवईनाका, यादी बरोबर आहे पण पत्ता चुकलाय. रिझर्व्ह बँकेत बँकांवर देखरेख ठेवणारं खातं वेगळं आणि पतधोरण वेगळं. समितीतल्या बाहेरच्या सदस्याला कुठल्याही बँकेची फाईल बघायचा अधिकार नाही. त्याला रेपोवर एक मत आहे. तेवढंच.

देखरेखीत हात घातलेला प्राध्यापक हवा असेल तर रघुराम राजन. शिकागोला वित्त शिकवणारे, मध्यंतरी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे मुख्य अर्थतज्ज्ञ. २००५ मध्ये अमेरिकेत जॅक्सन होलला भरणाऱ्या मध्यवर्ती बँकांच्या परिषदेत त्यांनी सांगितलं होतं की नव्या वित्तीय साधनांमुळे जोखीम कमी झालेली नसून वाढलेली असू शकते. तेव्हा त्यांना चांगलंच झोडपलं गेलं, तीन वर्षांत, २००८ च्या आर्थिक संकटात, जग बुडालं. गव्हर्नर झाल्यावर २०१५ मध्ये त्यांनी बँकांच्या कर्जांची कसून तपासणी लावली आणि वर्षानुवर्षं "चालू" दाखवलेली मोठी कर्जं बुडीत म्हणून पुस्तकात आली. काउंटरच्या आतून सांगतो, जुन्या कर्जाला नवं कर्ज देऊन मार्चअखेर साजरा करण्याचे दिवस त्यानंतर अवघड झाले. ते लोकप्रिय नव्हतं. २०१६ मध्ये तीन वर्षं पूर्ण करून ते शिकागोला परत गेले.

---

पोवईनाका

तोच तर मुद्दा. राजन शिकागोला परत. विरल आचार्य न्यूयॉर्कहून डेप्युटी गव्हर्नर म्हणून आले, ऑक्टोबर २०१८ मध्ये मध्यवर्ती बँकेच्या स्वायत्ततेवर खणखणीत भाषण केलं, २०१९ मध्ये मुदतीच्या सहा महिने आधी परत न्यूयॉर्क. येल विद्यापीठाचे डॉक्टर, गव्हर्नर ऊर्जित पटेल डिसेंबर २०१८ मध्ये राजीनामा देऊन मोकळे. ज्याचं परतीचं तिकीट खिशात आहे त्याने देशाचे व्याजदर ठरवावेत?

---

माजी_कॅशियर

तिकीट खिशात होतं म्हणून तर भाषण करता आलं. शिवाय वर्मा, ढोलकिया अहमदाबादचे, गोयल गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या. तिथे कुठलं विमान लागतं?

---

राजवाडा_परिसर

मी जरा मागे जातो, कारण मास्तरांनी २०१६ पासून सुरुवात केली आणि पोवईनाक्यांनी परदेशावरून टोमणा मारला.

आमच्या साताऱ्याच्या राजवाड्यातल्या तेव्हाच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० ला एका मुलाचं नाव दाखल झालं. भिवा रामजी आंबेडकर. आज तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. या मुलाचा अर्थशास्त्रज्ञ म्हणून प्रवास फार कमी लोक बघतात. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक, मग लंडनला जाऊन डीएस्सी, आणि तो प्रबंध १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' म्हणून प्रसिद्ध. पुढे भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली. इतकं सरळ नाही. आयोगाने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ ला कायदा झाला, १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली. त्यांचं योगदान सांगायचं तर वाद समजून घ्यावा लागतो. त्या वेळच्या व्यवस्थेत सरकार रुपयाचा परदेशी दर सांभाळायचं आणि त्यासाठी चलन हवं तसं कमी-जास्त करायचं. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ केन्स यांच्यासारखा माणूस या व्यवस्थेच्या बाजूने होता. आंबेडकरांनी त्यांच्याशी उघड मतभेद नोंदवला. त्यांचं म्हणणं, चलन किती काढायचं हे सत्तेवर बसलेल्याच्या मर्जीवर सोडू नका, मर्यादा कायद्यात घाला. परदेशी दर स्थिर राहिला म्हणजे देशातले भाव स्थिर राहिले असं होत नाही.

आता पुढचं बघा. १९८० च्या दशकातही सरकारच्या खात्यातली शिल्लक ठरावीक रकमेखाली गेली की आपोआप हुंड्या (सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जाचे रोखे) निघायच्या, रिझर्व्ह बँक त्या घ्यायची आणि नवा पैसा तयार व्हायचा. अर्थसंकल्पातली तूट म्हणजे थेट छापखाना. १९८५ मध्ये दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या सुखमय चक्रवर्ती यांच्या समितीने सांगितलं की पैशाच्या वाढीला लक्ष्य ठरवा आणि सरकार-बँक दोघांनी ते पाळा. चक्रवर्तीही प्राध्यापकच. मग सी. रंगराजन, तेही आधी अहमदाबादला शिकवणारे, गव्हर्नर असताना सप्टेंबर १९९४ मध्ये सरकारशी करार झाला आणि एप्रिल १९९७ पासून त्या आपोआप निघणाऱ्या हुंड्या बंद झाल्या. महागाईचं लक्ष्य ठरवा म्हणणारा २०१४ चा ऊर्जित पटेल समितीचा अहवाल आणि २०१६ चा कायदा ही त्याच वाटेवरची पुढची मुक्कामं.

राज्यकर्त्याच्या हातात चलनाची मोकळी दोरी नको, हे बाबासाहेबांनी १९२३ मध्ये मांडलं. ते कायद्यात यायला नव्वदेक वर्षं गेली.

---

मिरजेचा_मास्तर

राजवाडा, प्रतिसाद फार आवडला. एकच भर. आंबेडकरांना अधिकाऱ्याच्या विवेकावरही विश्वास नव्हता, त्यांना चलनाची आकड्यातली मर्यादा हवी होती. २०१६ ची रचना सहा जणांच्या विवेकाला बऱ्यापैकी जागा देते, फक्त कारणं लिहायला लावते. त्यांना ती कितपत पटली असती, मला शंका आहे.

---

कृष्णाकाठ

गाडगीळांचं नाव अजून कसं आलं नाही? पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. १९४५ चा शेती वित्तपुरवठ्याचा अहवाल त्यांच्या अध्यक्षतेखाली. १९५१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी हाती घेतली, गोरवाला अध्यक्ष, गाडगीळ सदस्य. १९५४ च्या अहवालातला आकडा पाठ करून ठेवण्यासारखा आहे. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, सावकारांचा सुमारे ७०. निष्कर्ष असा की सहकार अपयशी ठरलाय, पण तो यशस्वी झालाच पाहिजे. त्यातून सरकारचं भागभांडवल सोसायट्यांत आलं आणि १ जुलै १९५५ ला इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या विकास सोसायट्या, जिल्हा बँका, साखर कारखान्यांचं कर्ज, सगळ्याच्या मुळाशी हा अहवाल आहे. हळदवाले अण्णा विचारतात सांगलीत काय फरक पडतो. रेपोने नसेल पडत, गाडगीळांनी पाडला.

---

वखारभाग_हळदवाला

हे पटलं बघा. पण कृष्णाकाठ, ते गाडगीळ गावोगाव माणसं पाठवून शेतकऱ्याला विचारून आले, तुझं कर्ज किती, कुणाचं. आत्ताचे सहाजण बैठकीआधी यार्डात कुणाला विचारतात व्हय?

---

माजी_कॅशियर

अण्णा, बँक विचारते. दर दोन महिन्यांनी शहरांतल्या घरांची पाहणी होते, पुढच्या तीन महिन्यांत आणि वर्षात भाव किती वाढतील असं वाटतं. कारखान्यांची पाहणी वेगळी. ते निकाल समितीपुढे ठेवतात आणि धोरणाच्या दिवशी संकेतस्थळावरही टाकतात. गंमत अशी की लोकांना वाटणारी महागाई प्रत्यक्ष आकड्यापेक्षा नेहमी बरीच जास्त असते. पेन्शनर काकांसारखी.

---

विश्रामबाग_पेन्शनर

वाचतोय मी.

---

बेदाणा_२००१

सर, मी तासगावची, सध्या सांगलीत अभ्यासिकेत बसते. एमए अर्थशास्त्र झालंय. दोन प्रश्न. समितीत जायचं असेल तर रस्ता कुठला? आणि रिझर्व्ह बँकेत संशोधक म्हणून नोकरी करणं नि बाहेरून प्राध्यापक म्हणून जाणं, यात फरक काय?

---

मिरजेचा_मास्तर

बेटा, समितीसाठी अर्जाचा रस्ता नाही. कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालची निवड समिती नावं सुचवते. कायद्यातल्या मुख्य अटी अशा की अर्थशास्त्र, बँकिंग, वित्त किंवा पतधोरण यातला अनुभव आणि प्रतिष्ठा हवी, वय सत्तरच्या आत, खासदार-आमदार नको. म्हणजे आधी वीस-पंचवीस वर्षं दुसरं काहीतरी नीट केलेलं असावं लागतं.

नोकरीचा रस्ता मात्र उघडा आहे. बँकेचा आर्थिक आणि धोरण संशोधन विभाग आहे, त्याची ग्रेड बी ची (अधिकारीपदाची) वेगळी भरती निघते, तुझी पदवी त्याला चालते. समितीपुढे जे आकडे नि अंदाज येतात ते तिथली माणसं तयार करतात. नाव कुणाचंच छापून येत नाही, पण कच्चा माल त्यांचा. तिथून मोठे झालेले लोक आहेत. नरेंद्र जाधव बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ होते, मग पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. म्हणजे उलट्या दिशेनेही गाडी जाते. फरक विचारतेस तर आतल्या संशोधकाला संस्थेच्या एका आवाजात बोलावं लागतं. बाहेरून आलेल्याला वेगळं बोलण्यासाठीच बसवलेलं असतं, आणि तोही बैठकीच्या सात दिवस आधी नि सात दिवस नंतर धोरणाविषयी जाहीर बोलू शकत नाही.

पीएचडी करायची तर गोरेगावची संस्था बघ. ती रिझर्व्ह बँकेनेच १९८७ मध्ये काढली.

---

पोवईनाका

मास्तर, शेवटचं विचारतो. वेगळं बोलण्यासाठी बसवलंय म्हणता. नेमतं सरकार. मग सरकारने फोन केला की?

---

मिरजेचा_मास्तर

याची एक नोंदलेली गोष्ट आहे. जून २०१७ च्या बैठकीआधी अर्थ मंत्रालयाने समितीच्या सदस्यांना भेटायला बोलावलं होतं. सगळ्यांनी नकार दिला, आतल्यांनी आणि बाहेरच्यांनीही. ऊर्जित पटेलांनी हे पत्रकार परिषदेत सांगितलं. त्याच बैठकीत ढोलकिया एकटे म्हणाले की दर अर्धा टक्का कमी करा. आता, मंत्रालयालाही कपातच हवी होती. म्हणजे हा माणूस भेटायला गेला नाही आणि मत मात्र मंत्रालयाला आवडेल असं दिलं, स्वतःच्या आकड्यांवरून. त्यांचं म्हणणं होतं की बँकेचे महागाईचे अंदाज सारखे वरच्या बाजूला चुकतायत. त्या महिन्याची महागाई दीड टक्क्याच्या आसपास आली. ऑगस्टमध्ये समितीने पाव टक्का कमी केला. ढोलकिया तेव्हाही अर्ध्यावर अडून, आणि बँकेचेच मायकेल पात्रा म्हणाले, अजिबात करू नका.

उलट बाजूही सांगायला हवी. २०२४ मध्ये वर्मा-गोयल कपात मागत होते, बहुमत थांबलं, आणि ऑक्टोबरला ६.२१ टक्के आल्यावर बहुमतच शहाणं वाटलं. मग जुलै-सप्टेंबरच्या वाढीचा पहिला आकडा ५.४ टक्के आला, तेव्हा लोक म्हणाले, अरेच्चा. डिसेंबर २०२४ ला नव्या तिघांतले दोघं, नागेश कुमार आणि राम सिंग, कपातीच्या बाजूने होते. ते दोघं वर्मा-गोयल गेल्यावर नुकतेच आलेले. फोनची शंका घ्यायची तर घ्या, पण त्यांची कारणं वाचून घ्या.

---

बेदाणा_२००१

सर, ती निवेदनं कुठे मिळतात? आणि मराठीत?

---

माजी_कॅशियर

रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर, प्रसिद्धीपत्रकांत, बैठकीच्या कार्यवृत्ताच्या नावाखाली. इंग्रजी आणि हिंदी. सुरुवातीचा ठराव सोडून थेट सदस्यांच्या निवेदनावर जा. वर्मांची सहसा सगळ्यात आखूड असतात, त्यांच्यापासून सुरू कर.

---

वखारभाग_हळदवाला

आणि बेदाणाताई, समितीत गेलीस की कॅश क्रेडिटचं बघ तेवढं.